न आलेल्या चेंडूचा हिशेब

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पायानं खेळायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. तिथला चेंडू लंबगोल आणि बहुतेक वेळ हातातच असलेला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. एक तर चेंडू छातीशी धरून धावायचं, नाही तर क्वार्टरबॅक नावाच्या सूत्रधारानं तो लांब फेकायचा आणि रिसीव्हरनं पळता पळता झेलायचा. या खेळाच्या इतिहासातलं एक कोडं मला फार बोलकं वाटतं. संघाकडे अव्वल रिसीव्हर असताना त्याच्याकडे चेंडू इतका कमी का जावा?

पॉल वॉरफिल्ड हा त्या काळातला नामांकित रिसीव्हर. क्लीव्हलँड ब्राउन्सकडून १९६८ मध्ये त्यानं ५० झेल घेतले आणि १,०६७ यार्ड कमावले. १९७० मध्ये मायामी डॉल्फिन्सनं नव्या खेळाडूंच्या निवडीतला आपला पहिल्या फेरीचा हक्क देऊन त्याला मिळवलं. एवढी किंमत मोजल्यावर चेंडूंचा त्याच्यावर वर्षाव व्हायला हवा होता. प्रत्यक्षात १९७२ च्या साखळी हंगामात त्याच्या नावावर २९ झेल लागले आणि १९७३ मध्येही २९च.

यात प्रशिक्षक डॉन शुला यांचा आकस नव्हता, हिशेब होता. फेकलेला चेंडू झेलला गेला नाही तर प्रयत्न वाया जातो आणि प्रतिस्पर्ध्यानं झेलला तर चेंडूच हातचा जातो. धावण्यात धोका कमी. शिवाय मायामीकडे लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस होते. १९७२ मध्ये दोघांनीही धावून हजार यार्डांचा टप्पा गाठला. लीगमध्ये एकाच संघातल्या दोघांनी असं करण्याची ती पहिलीच वेळ. त्यातच ऑक्टोबरमध्ये क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला आणि ३८ वर्षांच्या अर्ल मॉरलनं संघ सांभाळला. त्या वर्षी मायामीनं सतराच्या सतरा सामने जिंकले. जानेवारी १९७४ मधल्या सुपर बोलमध्ये तर ग्रीसीनं सगळ्या सामन्यात चेंडू फेकला तो फक्त सात वेळा; तरी मायामीनं मिनेसोटाला २४-७ असं हरवलं.

मग वॉरफिल्ड नुसता शोभेचा होता का? मुळीच नाही. तो एकदा निसटला की थेट गोलरेषा गाठणार, हे प्रतिस्पर्धी जाणून होते. म्हणून त्याच्यावर दोन-दोन बचावपटू लावावे लागत. जितकी माणसं त्याच्यामागे दूर जात, तितकी मधली फळी विरळ होई आणि झोंकाची वाट मोकळी होई. चेंडू न येताही तो मैदान रुंद करत होता. आला तर सोनं करी : १९७३ च्या २९ झेलांपैकी ११ झेल टचडाउनचे होते.

पुढं १९७८ मध्ये नियम बदलले. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के मारण्याला बंदी आली, चेंडू फेकणं सोपं झालं. २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या मायकल थॉमसनं एका हंगामात १४९ झेल घेतले. नुसते आकडे शेजारी मांडले तर वॉरफिल्ड किरकोळ वाटेल. म्हणूनच आकड्यांवरून इतिहास लिहिताना जपायला हवं, असं मला वाटतं. झेल मोजता येतो. दुसऱ्यासाठी मोकळी करून दिलेली वाट मोजायला धावफलकावर रकानाच नसतो. खेळाडूचं मानधन आणि नाव मात्र बहुधा त्या रकान्यांवरच ठरतं.

वॉरफिल्डच्या बाबतीत जाणकारांनी ही चूक केली नाही. लीगमधल्या सगळ्या कारकिर्दीत ४२७ झेल, पण दर झेलामागं २०.१ यार्ड. १९८३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं. त्याच्याकडे न आलेल्या चेंडूंचाही हिशेब कुणीतरी ठेवला होता, असंच म्हणायचं.