शिंगाडा: उपवासाच्या ताटामागचा तलाव

मागच्या एकादशीला मी जानेफळला घरी होतो. आई शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ थापत होती. मी सहज विचारलं, "हे पीठ उपवासाला कसं काय चालतं?" आई म्हणाली, "धान्य नोय रे ते, पान्यातलं फळ हाय."

मी बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. पण शिंगाडा तलावात होतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं! मग शोधत बसलो.

संस्कृतात शृंगाटक. शृंग म्हणजे शिंग, आणि फळाला खरंच दोन टोकदार शिंगं असतात. पानं पाण्यावर तरंगतात, कारण देठ फुगीर आणि हवेनं भरलेले असतात. पावसाळ्यात रोपं लावायची, दिवाळीच्या आगेमागे तोडणी. डोंग्यातून किंवा पाण्यात उतरून एकेक वेल उलटायचा, खालची फळं खुडायची. ओली खायची, उकडून विकायची, उरलेली वाळवून दळायची. काटे हाताला लागतात ते वेगळंच.

हे काम पिढ्यानपिढ्या ढिवर समाजाचं. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात ढिवरांची एक पोटजातच 'सिंगारिया' म्हणून नोंदवलीय, म्हणजे तलावात शिंगाडा लावणारे. विचार करा, पिकावरून माणसांची ओळख!

आपल्या वऱ्हाडात अशी तलावांची रांग नाही. ती भंडारा-गोंदियाकडे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं तिथे शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आता मच्छीमार सहकारी संस्था ते ठेक्यानं घेतात. पण बऱ्याच तलावांत गाळ साचलाय, काठानं बेशरम माजलीय. पाणी उथळ झालं की मासे कमी, शिंगाडाही कमी.

काश्मीरच्या वुलर सरोवरातही लोक शिंगाड्यावर जगत आलेत. म्हणजे आपण ज्याला 'उपवासाचं' म्हणतो, ते कुणाचं तरी रोजचं पोट आहे.

मला खटकलं ते एवढंच: आपला उपवास ज्यांच्या हातांवर निभावतो, त्यांचं नाव पाकिटावर कुठेच नसतं. पुढच्या एकादशीला पीठ घेताना दुकानदाराला एकदा विचारा, "भाऊ, हा शिंगाडा कुठल्या तलावातला?" उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!