सकाळी सातचं कॉलेज

व्यापार शिकायचा तर आधी चाकरी धरायची, अशी मुंबईची जुनी रीत होती. मांडवी, मस्जिद बंदर, काळबादेवीच्या पेढीवर पोरगा लागला की सुरुवातीला गादी झटकणं, पाणी भरणं आणि तगाद्याला जाणं एवढंच त्याच्या वाट्याला येई. मुनीमजींचा विश्वास बसला की रोजमेळ लिहायला मिळे. मग खतावणी, आणि हात बसला की तेरीज जुळवायची. पगार तुटपुंजा असे, पण खाण्याची आणि शिकण्याची सोय एकाच छपराखाली होई. ‘अमक्या पेढीवर तयार झालाय’ एवढं म्हटलं की दुसरी पेढी दार उघडी.

बँका, विमा कंपन्या, जहाज कंपन्या आणि गिरण्यांच्या कचेऱ्या वाढल्या तशी ही रीत अपुरी पडू लागली. तिथे इंग्रजी वह्या, भागधारकांचे हिशेब, कंपनी कायदा असा सगळा नवा कारभार होता. १९०० साली सोहराब दावर यांनी मुंबईत वाणिज्य शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज उघडलं. वाणिज्याचं आशियातलं पहिलं कॉलेज अशी त्याची ख्याती आहे. आता पेढीची पायरी न चढताही व्यापार शिकता येऊ लागला. पण दिवसभर वर्गात बसायचं तर घर कोणी चालवायचं? नोकरी की पदवी, हा प्रश्न मुंबईच्या चाळींत तेव्हा शिरला.

या प्रश्नाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उत्तर त्याच सिडनहॅममध्ये मिळतं. नोव्हेंबर १९१८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार महिना ४५० रुपये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं होतं. परळच्या बी.आय.टी. चाळीत काटकसरीचा संसार करून त्यांनी या पगारातून पैसे शिल्लक टाकले. मार्च १९२०मध्ये राजीनामा दिला. साठवलेल्या पैशांना शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जाची जोड दिली, आणि जुलैत ते लंडनला निघाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. त्यांना हवी होती ती पुस्तकं आणि ते गुरू लंडनला होते, म्हणून नोकरी सोडावी लागली. पण तिथवर जाण्याची वाट त्याच नोकरीने बांधून दिली.

स्वतः हे भोगलेल्या माणसाने पुढे काय केलं? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे पोरांनी शिकून कामावर जावं. १९५३ साली सोसायटीचं वाणिज्य कॉलेजही निघालं. त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. मी या दोन्ही घटना एकाच ओळीत ठेवते. शिकणाऱ्याच्या कामाचे तास आधी पाहायचे आणि मग घंटा वाजवायची, हा या परंपरेचा गाभा आहे.

माझी बी.कॉम. त्याच सिद्धार्थची. लालबागहून नळाचं पाणी भरून निघायचं, करी रोडला गाडी पकडायची आणि सातच्या आत फोर्टात पोचायचं. बाकावर शेजारी पोर्ट ट्रस्टमधला कारकून, मागे बँकेतला शिपाई. तास संपले की मी चालत बॅलार्ड इस्टेटला, क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत. सकाळी विनिमय दर शिकावा आणि दुपारी डॉलरचा भाव बदलला म्हणून कस्टम ड्युटी पुन्हा मोजावी. गोदीत माल अडकला की डेमरेज कसं चढतं हे मी टेबलावर पाहत होते. ते कोणत्या खात्यावर टाकायचं आणि त्याने नफा कसा खाल्ला जातो हे वर्गाने शिकवलं. दोन्हींतलं एक काढलं असतं तर दुसरं निम्मंच कळलं असतं.

याच विचारावर आपल्याकडच्या आणखी काही वाटा उभ्या आहेत. सी.ए. होणाऱ्याला आर्टिकलशिप चुकत नाही. सहकारी संस्थांमधली माणसं नोकरी सांभाळून जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा देतात. स्टॅनफर्डच्या सहकार्याने १९६५ साली निघालेल्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेने नोकरदारांसाठी संध्याकाळचे अभ्यासक्रम चालवले. नोकरी न सोडता शिकू देणारं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं.

आता मी स्वतः संध्याकाळी हिशेब शिकवते. भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर असलेला एक मुलगा परवा विचारत होता, “मॅडम, नोकरी सोडून फुलटाइम एमबीए करू का?” मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. तुझ्या पगारावर घरी कोण कोण आहे? आणि तुला जे शिकायचंय ते इथे राहून मिळत नाही का? माल कसा हलतो हे त्याला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. कॉस्टिंग आणि ताळेबंद वाचणं त्याला येत नाही, आणि ते संध्याकाळी शिकता येतं. धंदाच बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग दोन वर्षांचा खर्च आधी बाजूला काढावा, घरच्यांना स्पष्ट सांगावं आणि निर्धास्तपणे राजीनामा द्यावा.

हे झालं त्याच्यापुरतं. पण त्याला निवडीची मोकळीक आहे ती संध्याकाळचा वर्ग अजून भरतो म्हणून. वर्ग किती वाजता भरतो यावर कोण शिकणार हे ठरतं. संस्था फी, इमारत, प्लेसमेंट यांचा हिशेब मांडतात; त्यांनी वेळापत्रक लावताना कामावरून सुटून येणाऱ्या माणसाला पहिला धरावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.