डाव्या हाताचा रेणू

खाजकुयली म्हटले की आपल्या वर्गातल्या अनेकांचे हात अजूनही मानेकडे जातील! खाज आणते ती शेंगेवरची लव. आतल्या बियांत मात्र एल-डोपा नावाचे अमिनो आम्ल असते. 1937 मध्ये भारतीय संशोधकांनी ते या बियांतून वेगळे केले. पुढे 1960च्या दशकात तेच कंपवातावरचे, म्हणजे पार्किन्सनच्या विकारावरचे औषध ठरले.

औषधाची मागणी वाढली आणि एक जुनी अडचण समोर आली. डोपाचे रेणू दोन प्रकारचे असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण रचना आपल्या दोन हातांसारखी, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. शरीराला उपयोगी पडतो तो फक्त डावा. दोन्हींचे मिश्रण दिले तेव्हा काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. कारखान्यात मात्र डावे-उजवे निम्मे निम्मेच तयार होत आणि ते वेगळे करण्यात वेळ व पैसा जाई.

अमेरिकेत सेंट लुईसला मोन्सँटो कंपनीत काम करणाऱ्या विल्यम नोल्स यांनी वेगळा विचार केला: नको असलेला रेणू मुळात तयारच का होऊ द्यायचा?

दहावीला आपण शिकलो होतो, निकेल उत्प्रेरक वापरून तेलात हायड्रोजन मिसळला की वनस्पती तूप होते. निकेल घन असते. 1960च्या दशकात जेफ्री विल्किन्सन यांनी द्रावणात विरघळणारा ऱ्होडियमचा उत्प्रेरक दिला. त्यातल्या ऱ्होडियमला फॉस्फिनचे रेणू चिकटलेले असतात. नोल्स यांनी तिथे डावे-उजवेपण असलेले फॉस्फिन बसवले. साचाच एका हाताचा केला, म्हणा ना!

1968 मधला पहिला निकाल होता 15 टक्के आधिक्य. म्हणजे शंभर रेणूंत एका हाताचे साधारण 57-58 आणि दुसऱ्याचे 42-43. आपल्या प्रगतिपुस्तकात 15 म्हणजे लाल रेघ! औषधासाठीही हा आकडा निरुपयोगीच होता. पण उत्प्रेरक हात निवडू शकतो, एवढे त्याने सिद्ध केले. आम्ही सॉफ्टवेअरवाले पहिल्या कच्च्या नमुन्याकडे असेच पाहतो: तो विकण्याजोगा नसतो, पण कल्पना चालते का ते सांगतो. नोल्स आणि त्यांचे सहकारी फॉस्फिनचा आकार बदलत राहिले. आधिक्य 88 टक्क्यांवर गेले आणि शेवटी डायपॅम्प नावाच्या फॉस्फिनने 95 टक्के गाठले. मोन्सँटोत या पद्धतीने एल-डोपाचे उत्पादन सुरू झाले.

नोल्स 1986 मध्ये निवृत्त झाले. नोबेल मिळाले 2001 मध्ये, वयाच्या 84व्या वर्षी, र्‍योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांच्याबरोबर. आमच्या निवृत्त गुरुजनांनी याची विशेष नोंद घ्यावी!

आज एल-डोपा जिवाणूंच्या विकरांच्या मदतीनेही बनवतात. पण डावे-उजवेपण निवडणारे उत्प्रेरक औषधनिर्मितीत कायमचे आले आहेत. ही गोळी कंपवात बरा करत नाही. हालचालीचे काही तास परत देते. माझे वडील त्या तासांत स्वतःच्या हाताने शर्टाची बटणे लावतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना त्या तासांचे मोल वेगळे सांगायला नको.