क्रेफिश, ऑस्ट्रेलियातील

गोड्या पाण्यात राहणारे, शेवंडीच्या नात्यातले दशपाद कवचधारी प्राणी. जगात क्रेफिशच्या ६०० हून अधिक जाती आहेत. भारतात मूळची एकही नाही; आपल्या ओढ्यांत खेकडे आणि कोळंब्या आढळतात. ऑस्ट्रेलियात मात्र सुमारे दीडशे जाती असून त्या पॅरास्टॅसिडी या दक्षिण गोलार्धातील कुलात मोडतात.

त्यांचे अधिवास कमालीचे वेगवेगळे आहेत. यॅबी ही चेरॅक्स प्रजातीतली जाती शेततळ्यांच्या गढूळ पाण्यातही तगते. तळे आटले की बिळात शिरून पावसाची वाट पाहते. एंजियस प्रजातीचे क्रेफिश तर बहुतेक आयुष्य जमिनीखालीच काढतात. बीळ खोदताना चिखलाच्या गोळ्या वर आणून ते तोंडाशी रचतात आणि ओलसर रानात वीतभर उंचीची धुराडी उभी राहतात. काट्याकाट्यांच्या कवचाच्या युस्टॅकस प्रजातीत पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या अनेक थंड पाण्याच्या डोंगरी ओढ्यांना बांधलेल्या आहेत. उदाहरणार्थ, युस्टॅकस बिंदल ही जाती फक्त क्वीन्सलंडमधील माउंट एलियटवर सापडते. हवामान तापत गेले, तर अशा जातींना आणखी वर सरकायला डोंगरच उरत नाही.

टास्मानियातील अस्टॅकॉप्सिस गूल्डी हा गोड्या पाण्यातील जगातला सर्वांत मोठा अपृष्ठवंशी प्राणी. पूर्वी सहा किलोपर्यंत वजनाचे नमुने मिळत. बेटाच्या उत्तर भागातील नद्यांत, झाडांच्या सावलीतल्या थंड डोहांत, बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाने तो राहतो आणि मुख्यतः कुजके लाकूड व पालापाचोळा खातो. मादी वयात यायला साधारण चौदा वर्षे लागतात, त्यानंतरही ती दोन वर्षांतून एकदाच विते. अंडी आणि पुढे पिल्लेही कित्येक महिने तिच्या शेपटाखाली चिकटून असतात. त्यामुळे एक मोठी मादी पकडली गेली, तर ती उणीव भरायला दीड दशक जाते. १९९८ पासून या जातीची मासेमारी बंद आहे. चोरटी शिकार हा धोका आहेच. पण काठची झाडे तोडली, गुरे पाण्यात उतरू दिली, की गाळ साचतो, दगडांखालच्या फटी बुजतात आणि पिल्लांना लपायला जागा राहत नाही. काठचे रान राखल्याशिवाय नुसत्या बंदीने हा प्राणी वाचणार नाही.

मरे नदीत २०१०–११ च्या पुराने पालापाचोळा वाहून आणला. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला आणि मरे क्रेफिश श्वासासाठी काठावर चढून आले. मार्गारेट नदीतला केसाळ मॅरन हा क्रेफिश वेगळ्या कारणाने अतिसंकटग्रस्त झाला: त्याच प्रदेशातला, पण या नदीत नसलेला गुळगुळीत मॅरन माणसाने तिथे आणला. दोघांचा संकर झाला आणि मूळची जाती मागे पडली.

उत्तर अमेरिकी जातींबरोबर पसरणाऱ्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाने, म्हणजे क्रेफिश प्लेगने, एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील मूळ क्रेफिशची वाताहत केली. ऑस्ट्रेलियातील जातींनाही या रोगाशी झुंजण्याची ताकद नाही. म्हणून परदेशी जिवंत क्रेफिश देशात शिरू न देणे हे तिथल्या संवर्धनाचे पहिले काम आहे.