कार्ल : नाव गड्याचे, पदवी राजाची

शाळेत इतिहास शिकवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षे उच्चारले, "इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली." तह १६६१ चा. पुढे १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, हेही ओघाने सांगायचो.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "गुरुजी, चार्ल्स म्हणजे काय?" मी म्हटले, "इंग्रजांच्या नावांना अर्थ नसतो रे. बस खाली." वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला आणि वर्षभर पुन्हा काही विचारले नाही. माझे उत्तर साफ चूक होते, हे मला निवृत्तीनंतर सवडीने वाचताना कळले. आज ती चूक दुरुस्त करतो.

चार्ल्स हे मूळचे जर्मानिक नाव 'कार्ल'. लॅटिनमध्ये ते कारोलुस झाले, फ्रेंचमध्ये शार्ल, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये कार्लोस. गोव्यात भेटणारा कार्लोस तो हाच. आणि अर्थ? साधा माणूस, नवरा, कुणाचा गुलाम नसलेला स्वतंत्र पुरुष. आपल्या बोलीत सांगायचे तर 'गडी'! राजा नाही, सरदार नाही, देव तर नाहीच.

मग हे नाव इतके मोठे कसे झाले? त्याचे श्रेय शार्लमेनला, म्हणजे 'थोरल्या कार्ल'ला. त्याचा आजा कार्ल मार्टेलही पराक्रमी होता, पण नातवाने पश्चिम युरोपचा मोठा भाग एका छत्राखाली आणला. ८०० सालच्या नाताळात रोममध्ये पोप तिसऱ्या लिओने त्याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, की हा सम्राट उतारवयात लिहायला शिकू पाहत होता. उशाखाली पाट्या ठेवी आणि सवड मिळाली की अक्षरे गिरवी. हात काही वळला नाही तो नाहीच. मास्तराच्या मनाला हे चटका लावून जाते.

पण याच माणसाच्या हुकमाने ७८२ मध्ये फेर्डन येथे एका दिवसात ४५०० सॅक्सन बंदिवानांची मुंडकी उडवली गेली, अशी नोंद त्याच्याच राज्यातल्या बखरीत आहे. नावाचा अर्थ 'स्वतंत्र माणूस', आणि कर्तृत्व शेजारच्या स्वतंत्र माणसांना नमवण्याचे!

पूर्वेकडच्या स्लाव लोकांवर त्याची अशी काही छाप पडली, की त्याचे नाव हीच 'राजा' या अर्थाची संज्ञा होऊन बसली, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पोलिशमध्ये राजाला 'क्रुल' म्हणतात, चेकमध्ये 'क्राल', रशियनमध्ये 'कोरोल', हंगेरियनमध्ये 'किराय'. सीझरच्या नावावरून कैसर आणि झार झाले, तसेच हे. फरक एवढाच, की इथे गड्याचा राजा झाला.

आता गंमत पाहा. नाव वर चढत असताना मूळ शब्द मात्र घसरत गेला. इंग्लंडमध्ये त्याचेच भावंड असलेला 'चेओर्ल' हा शब्द स्वतंत्र शेतकऱ्याला लावत. १०६६ मध्ये नॉर्मन आले, शेतकरी जमीनदाराचा बांधील झाला आणि 'चर्ल' म्हणजे गावंढळ, उर्मट माणूस असा अर्थ उरला. माणसाचे स्वातंत्र्य गेले, त्याच्याबरोबर शब्दाचा मानही गेला. जर्मन 'केर्ल' मात्र अजून आपल्या गड्याच्या जवळपास आहे.

इंग्लंडच्या राजघराण्यात हे नाव फ्रान्सच्या वाटेने, स्टुअर्टांबरोबर आले. त्या नावाच्या पहिल्या राजाचा १६४९ मध्ये पार्लमेंटशी झालेल्या झगड्यापायी शिरच्छेद झाला. आपण फक्त देवाला जबाबदार, असे मानणाऱ्या त्या राजाचे नाव मुळात शेतकऱ्याच्या नावाचे सख्खे भावंड होते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. मुंबई मिळाली ती त्याच्या मुलाला. २०२२ मध्ये गादीवर आलेला चार्ल्स हा तिसरा.

स्वीडनने तर कमालच केली. तिथल्या नवव्या कार्लने एका कल्पित इतिहासावर विसंबून स्वतःला नववा म्हणवून घेतले. त्यातले पहिले सहा कार्ल झालेच नव्हते! तोच आकडा पुढे चालत राहिला आणि १९७३ मध्ये गादीवर आलेला राजा सोळावा ठरला.

आपल्याकडे उलटा प्रवास झालेला शब्द आहे, 'राव'. मुळात तो राजा, आज चहाच्या टपरीवर "काय राव!" म्हणून कुणाच्याही पाठीवर थाप मारतो. गडी सिंहासनावर गेला, राव टपरीवर आला. मला विचाराल तर रावाचे काही वाईट झाले नाही.

असो. तो विद्यार्थी आता पन्नाशीत असेल. भेटला तर सांगेन, "बाळ, चार्ल्स म्हणजे माणूस. तुझा प्रश्न बरोबर होता, मलाच उत्तर येत नव्हते."