पत आणि १८७५ चे दंगे

मराठीत ‘पत’ म्हणजे सावकाराचा विश्वास, आणि ‘पत’ म्हणजेच गावातील लौकिक. पहिली गेली की दुसरीही डळमळते. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांचा विचार करताना हा दुहेरी अर्थ ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले. त्यानंतर लवकरच इंदापूर तालुक्यात साराही वाढला. ही आर्थिक कारणे खरीच. पण तेवढ्याने दंग्यांचे स्वरूप उलगडत नाही. पूर्वी गावाच्या तंत्राने वागणारा सावकार दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्यावर विसंबू लागला आणि कुणब्याचे स्थान त्याच्याच गावात खालावले. शिरूर तालुक्यातील करडे येथे काळूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकुमनामा मिळविला, तेव्हा डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवरच बहिष्कार घातला. माणसाची पायरी ठरविण्याचे गावाचे हे जुनेच साधन होय.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला. हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. तेथे दुकाने लुटली गेली. परंतु इतरत्र पसरलेल्या या चळवळीचा मुख्य रोख कर्जखतांवर राहिला. खते स्वाधीन करणाऱ्या सावकारास बहुधा इजा झाली नाही.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकुमनाम्यापायी शेतकऱ्यास होणारी अटक व कैद बंद केली. कर्ज उरलेच, तुरुंगाची नामुष्की मात्र टळली.