शिल्पांचा लिलाव आणि अपंगांची कला

माहीम हें मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं एक. त्याच्या दक्षिणेस दादरला अंध मुलींची जुनी शाळा आहे. उत्तरेस खाडी ओलांडली कीं वांद्र्याच्या भरावावर, मेंदूच्या पक्षाघातानें पीडलेल्या मुलांसाठीं मिठू अलूर यांनीं १९७२ मध्यें स्थापिलेल्या संस्थेचें केंद्र लागतें. खुद्द माहिमांत कनोसा संस्थेची विशेष शाळा आहे. मुंबईच्या या पट्ट्यांत अपंगांच्या शिक्षणाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास सांठला आहे, आणि त्या इतिहासांतून एक प्रश्न पुनः पुनः डोकावतो. अपंगाच्या हातची वस्तु जेव्हां विकत घेतली जाते, तेव्हां घेणारा मोल कशाचें देतो? वस्तूचें, कीं आपल्याच मनांतील दयेचें? धर्मार्थ शिल्पलिलावाची जी प्रथा अलीकडे जगभर पसरली आहे, तिनें या जुन्या प्रश्नाला नवें रूप दिलें आहे.

मुंबईंतील आरंभ माझगांवचा. १८८५ मध्यें तेथें निघालेली मूकबधिरांची शाळा ही हिंदुस्थानांतील त्या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. पुढें १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत अनेक मुलें निराधार झालीं. त्यांपैकीं अंध मुलांसाठीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस् ॲना मिलार्ड यांनीं १९०० मध्यें मुंबईंत शाळा उघडली. तीच आज कमला मेहता दादर अंधशाळा म्हणून ओळखली जाते. १९०२ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या नांवानें दुसरी अंधशाळा निघाली. ती ताडदेवला आहे. अशा शाळांतून अक्षरज्ञानाच्या जोडीला हातकामाचा कांहीं तरी धडा देण्याची रीत होती, कारण विद्यार्थ्याला पोटापुरतें मिळवितां आलें पाहिजे, हा हेतु असे. हेतु थोर खराच. परंतु अंधानें विणलेली खुर्ची घरीं नेणाऱ्या गृहस्थाला ती विणणाऱ्याचें नांव विचारावेंसें क्वचितच वाटे.

लिलावाची गोष्ट याहून पुष्कळ अलीकडची. १९९८ मध्यें स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं रस्त्यारस्त्यांवर रंगविलेल्या गाईंचीं शिल्पें उभीं राहिलीं. दुसऱ्याच वर्षीं शिकागो शहरानें तो कित्ता गिरविला, आणि तेथील लिलावांतून धर्मादाय कार्यांना ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. या प्रथेची रीत साधी आहे. एकाच सांच्याच्या कोऱ्या मूर्ति निरनिराळ्या कलावंतांना देतात. खर्च कोणी व्यापारी पुरस्कर्ता सोशितो. मूर्ति कांहीं आठवडे चव्हाट्यावर राहतात, लोकांच्या ओळखीच्या होतात, आणि मग त्यांची बोली लागते. वस्तूच्या बाजारभावाहून जें अधिक येतें, तें खरें दान होय.

या प्रथेची दुसरी शाखा तर एका अपंग प्राण्यापासूनच फुटली. थायलंडच्या सरहद्दीवर मोशा नांवाच्या हत्तीच्या पिलाचा पाय २००६ मध्यें भूसुरुंगानें तुटला आणि त्याला कृत्रिम पाय बसविण्यांत आला. तें पाहून हॉलंडमधील एका पितापुत्रांनीं रंगीत हत्तींच्या मूर्तींची मिरवणूक योजिली. पहिली २००७ मध्यें रॉटरडॅम येथें भरली. २०१८ मध्यें ती मुंबईंत आली. देशांतील हत्तींच्या १०१ वाटांची आठवण म्हणून १०१ हत्ती शहरांत मांडले गेले, व विक्रीचें उत्पन्न त्या वाटांच्या रक्षणासाठीं ठरविलें गेलें.

तथापि मोशाच्या कथेंत एक मर्म आहे. मुक्या जनावराला अन्न, औषध आणि आसरा यांपलीकडे काय मागतां येणार? मनुष्याचें तसें नाहीं. मनुष्याला नांवही हवें असतें. विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टि १९५७ मध्यें समूळ गेली; पण त्यानंतर त्यांनीं मेणाच्या आकृति घडविल्या, कागद कातरून चित्रें केलीं, आणि १९७२ मध्यें शांतिनिकेतनांत फरशांचें भित्तिचित्र उभारलें. सतीश गुजराल यांचें ऐकणें बालपणींच गेलें होतें. १९४४ मध्यें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले, आणि पुढें चित्रकार, शिल्पकार व वास्तुकार अशा तिहेरी कीर्तीस चढले. ताडदेवच्या अंधशाळेंत २००६ पासून पार्थो भौमिक यांनीं अंध विद्यार्थ्यांच्या हातीं कॅमेरा दिला. त्या विद्यार्थ्यांनीं टिपलेल्या छायाचित्रांचीं प्रदर्शनें भरलीं. यांपैकीं कोणाचीही कृति दयेच्या भावानें मोजण्याजोगी नाहीं.

कायद्यानेंही हा भेद आतां ओळखला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमांत दिव्यांग कलावंतांना व लेखकांना साह्य देणें, त्यांच्या अनुभवांचा इतिहास जपणारें संग्रहालय उभारणें आणि कला त्यांना सुलभ करणें, हीं शासनाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. दान हें दात्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. हक्काला मर्जीची वाट पाहावी लागत नाहीं.

म्हणून अपंगांच्या कलेसाठीं होणाऱ्या लिलावाची परीक्षा त्याच्या यादीवरून करावी. तींत दोन गोष्टी पाहावयाच्या: शिल्प कोणाचें, आणि उत्पन्न कोणाला. अपंगांचें नांव बहुधा दुसऱ्या रकान्यांत पडत आलें आहे. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. शाळा पैशावर चालतात, आणि माझगांवापासून वांद्र्यापर्यंतच्या संस्था उदार हातांनींच जगविल्या. परंतु त्याच हातांनीं आतां पहिला रकानाही उघडून द्यावा. दात्याची कीर्ति लिलावाच्या रात्रीपुरती असते. कलावंताचें नांव मात्र मूर्तीच्या तळाशीं कोरलेलें राहतें, आणि मूर्ति ज्या घरीं जाईल तेथें तें बरोबर जातें.